म्हापशाच्या वकीलबाई, आणि त्यांच्याआधी भेटलेले 'कर्जमुक्ती'वाले

ज्यांचे हप्ते थकलेत, ज्यांच्या दारात वसुलीची माणसं यायला लागलीत आणि जे रात्री मोबाईलवर 'दिवाळखोरीचा वकील' शोधत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या दिराचं कर्जाचं प्रकरण आम्ही म्हापशाच्या एका वकीलबाईंकडे नेलं. ते आता बरंचसं मार्गी लागलंय. बाईंचं काम कसं वाटलं ते सांगतेच, पण त्यांच्याआधी ज्यांनी आम्हाला गाठलं त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. बाईंचं नाव देत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे, आणि माझ्या लिहिण्याने त्यांच्याकडे कोणी बोट दाखवावं असं मला नको आहे.

मी डिचोली बाजारातल्या दुकानांचे जमाखर्च लिहिते. त्यामुळे करार, पावत्या, बँकेची स्टेटमेंटं वाचायची सवय आहे. कायदा मात्र मी शिकलेले नाही. खाली कायद्याचं जे आहे ते बाईंनी समजावलं, आणि नंतर मी स्वतः वाचून ताडून पाहिलं.

दिराची गोष्ट डिचोली-सत्तरीत अनेक घरांत सापडेल. खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. ट्रक विकून त्याने कर्जावर टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांची भाडी मिळायला लागली, आणि २०२० उजाडलं. त्या वर्षी हप्ते भरायला सहा महिन्यांची सवलत होती खरी, पण व्याज चढतच होतं. गाडीचा हप्ता भरायला पर्सनल लोन, पर्सनल लोन भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला मोबाईलवरचं ॲप, आणि शेवटी जावेचं सोनं पतसंस्थेत. भावजी दारूत किंवा जुगारात एक रुपया घालवणारा माणूस नाही. हे मुद्दाम सांगते, कारण कर्ज झालं की लोक आधी तेच विचारतात.

त्याने मोबाईलवर शोधलं आणि तासाभरात फोन आला. पलीकडे गोड बोलणारी मुलगी. "सर, आमची कंपनी आरबीआय मान्यताप्राप्त आहे, आमच्याकडे दिवाळखोरीच्या वकिलांची टीम आहे, तुमचं निम्मं कर्ज माफ करून देऊ, आजपासून वसुलीचे फोन बंद." पिचून गेलेल्या माणसाला एवढं पुरतं. भावजीचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा सैल झालेला मी पाहिला, म्हणून तर मला जास्त राग आला.

त्यांनी पाठवलेला करार मी छापून घेतला आणि पेन घेऊन बसले. नोंदणी फी १५,००० रुपये, परत न मिळणारी. त्यानंतर दरमहा ८,००० कंपनीच्या खात्यात, 'सेटलमेंट फंड' म्हणून. बँक जेवढी रक्कम सोडेल तिच्या १५ टक्के कंपनीचे. ग्राहकाने सगळे हप्ते ताबडतोब थांबवायचे, बँकेशी स्वतः बोलायचं नाही. कंपनीच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचं. वाद झाला तर दूरच्या एका शहरात, त्यांनीच नेमलेल्या लवादापुढे. आणि अगदी शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'कंपनी ही विधी संस्था नाही, ती कोणताही कायदेशीर सल्ला देत नाही.' फोनवर वकिलांची टीम आणि कागदावर हे. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आणि भावजीला म्हटलं, सही करू नकोस, आधी कोणाला तरी दाखवूया.

मधे एकदा पणजीला एका काळ्या कोटवाल्याकडेही जाऊन आलो. कोणाच्या तरी ओळखीने. त्याने कागद उघडलेच नाहीत. "इन्सॉल्व्हन्सी टाकतो, आठवड्यात स्टे आणतो, एक लाख, रोख." पावतीचं विचारलं तर म्हणाला, विश्वास नसेल तर दुसरा वकील बघा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तिचा क्रमांक विचारला तेव्हा खुर्ची मागे सरकवून उठला. आम्हीही उठलो.

म्हापशाच्या बाईंचं नाव मला माझ्या एका जुन्या दुकानदाराने सांगितलं. त्याचं चेक बाऊन्सचं प्रकरण त्यांनी लढवलं होतं. पण ओळखीच्या शब्दावर विसंबायचं नाही असं या वेळी ठरवलंच होतं. ईकोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. कोणीही शोधू शकतो, पैसे पडत नाहीत. म्हापसा कोर्ट निवडलं, बाईंचं नाव घातलं, आणि बँकांची, पतसंस्थांची, चेकची प्रकरणं समोर आली. काही चालू, काही निकाली. म्हणजे हे काम त्या खरोखर करतात. आपल्याकडच्या वकिलांची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते आणि तिचा क्रमांक 'एमएएच'ने सुरू होतो. बाईंच्या लेटरहेडवर तो छापलेलाच होता, विचारावं लागलं नाही.

ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि अरुंद. बाहेर दोनच खुर्च्या, शुक्रवारी तर उभं राहायलाही जागा नसते, कारण बाजाराला आलेले लोक त्याच फेरीत वकिलाचं कामही उरकतात. शुक्रवार टाळा.

पहिल्या भेटीत बाईंनी सांगितलं ते बहुतेक वकील सांगणार नाहीत. भावजी म्हणाला, मला दिवाळखोरी जाहीर करायची आहे, काय खर्च येईल? बाई म्हणाल्या, "तुम्ही ज्या कायद्याबद्दल ऐकलंय तो तुमच्यासारख्यांना अजून लागूच झालेला नाही. त्याच्या नावावर तुमच्याकडून पैसे घेणं मला जमणार नाही."

हे मी नीट सांगते, कारण सगळी फसवणूक इथेच पोसली जाते. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे. अर्ज केला की वसुलीला तात्पुरती स्थगिती, मग परतफेडीची योजना, असं सगळं त्यात आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एका गटाला लागू केला गेला: कंपनीच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीन राहिलेत त्यांना. टेम्पोवाला, दुकानदार, मास्तर, नर्स, ज्यांनी आपल्या नावाने कर्ज घेतलं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे तोवर तो कागदावरच आहे. फोनवरची माणसं बोलतात ती याच भागाबद्दल. कलमांचे आकडेही बरोबर सांगतात. ते कलम अंमलात आलेलं नाही एवढंच सांगत नाहीत.

त्याच भागात 'फ्रेश स्टार्ट' म्हणून एक प्रक्रिया लिहिलेली आहे, म्हणजे कर्ज पुसून नव्याने सुरुवात. भावजीला पाठवलेल्या जाहिरातीत हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. बाईंनी पुस्तक उघडून अटी वाचून दाखवल्या: वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,००० पेक्षा जास्त नको, कर्ज ३५,००० च्या वर नको, आणि स्वतःचं घर नको. उद्या हा भाग लागू झाला तरी ज्याच्या दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे त्याला तो कसा मिळणार? भावजी खाली मान घालून ऐकत होता. बाईंनी पुस्तक त्याच्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचा. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मला ते फार आवडलं. कोणी त्याला दटावलं नाही, फक्त वाचायला दिलं.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, पेन्सिलीने मधोमध रेघ ओढली. डावीकडे तारण असलेली कर्जं: गाडी, सोनं. उजवीकडे बिनतारणी: पर्सनल लोन, कार्ड, ॲप. प्रत्येकासमोर मंजुरीपत्रातला व्याजदर, आजची थकबाकी, शेवटचा हप्ता कधी गेला, चेक दिलेत का, बँकेला खात्यातून आपोआप हप्ता ओढायची परवानगी दिली आहे का. जे ठाऊक नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह घातलं आणि भावजीला बँकांतून स्टेटमेंटं आणायला पाठवलं. जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्या माणसाची पारख त्याच्या रकान्यांवरून होते. त्या कागदावर माझी पारख झाली.

त्यानंतरचे प्रश्न गोव्याबाहेरच्या माणसाने विचारलेच नसते. लग्न कुठे नोंदवलं? लग्नाआधी मालमत्तेचा करार केला होता का? घर कोणाच्या नावावर आहे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावं आहेत, सासऱ्यांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, झाली का? आपल्याकडे अजून पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. एकाच्या सहीने घर-जमीन विकता येत नाही. म्हणजे भावजीने कुठल्या तरी दूरच्या कंपनीला मुखत्यारपत्र लिहून दिलं असतं तर माझ्या जावेच्या वाट्यालाही घोर लागला असता. आणि घर सासऱ्यांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांचाच त्यात संबंध. जाऊ तोवर भिंतीला टेकून गप्प बसली होती. बाईंनी तिला पुढे बोलावून तिच्याकडून सोन्याची पावती मागून घेतली आणि म्हणाल्या, "पतसंस्थेची लिलावाची नोटीस आली तर त्याच दिवशी मला सांगायचं, नवऱ्याला सांगून थांबायचं नाही."

कंपनीचा करारही त्यांनी वाचला. हप्ते थांबवा या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. चेक वटला नाही तर कलम १३८ खाली गुन्हा होतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला, तर तोही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड. हप्ते थांबवायला सांगणारी मुलगी तेव्हा कोर्टात उभी राहणार नाही, भावजी राहील. आणि दरमहा ८,००० कंपनीच्या खात्यात जमा होत असताना इकडे बँकेचं व्याज आणि दंड चढतच राहणार.

'आरबीआय मान्यताप्राप्त' हा तर निव्वळ बनाव. कर्ज मिटवून देणाऱ्या अशा मध्यस्थांना रिझर्व्ह बँक परवाना देतच नाही. उलट ११ डिसेंबर २०२३ रोजी तिने प्रसिद्धीपत्रक काढून लोकांना सावध केलं होतं की कर्जमाफीच्या जाहिराती करून, फी उकळून, 'कर्जमाफीची प्रमाणपत्रं' देणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यांना तसा कुठलाही अधिकार नाही. हे पत्रक मी छापून माझ्या टेबलावर ठेवलंय. आता बाजारातलं कोणी असं काही बोलायला लागलं की हातात देते.

फीचं सांगते. पहिल्या सल्ल्याचे १,५०० रुपये, पावतीसह. पुढे प्रत्येक बँकेशी पत्रव्यवहार आणि बोलणी यांचे वेगवेगळे आकडे, कागदावर लिहून. टायपिंग, झेरॉक्स, टपाल वेगळं, हे मात्र आधी कळलं नाही, आणि शेवटी ती रक्कम थोडी टोचली. भावजी म्हणाला, जेवढं कर्ज सुटेल त्याचे काही टक्के घ्या ना, म्हणजे आत्ता द्यायला नको. बाईंनी सरळ नाही म्हटलं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनीच बंद केलंय. तेव्हा जो 'वकील' टक्केवारीची भाषा करतो, तो एकतर वकील नाही किंवा नियम मोडणारा वकील आहे. पैसे एकदम नसतील तर टप्प्याने द्या म्हणाल्या, आणि तसे दिले.

मूळ कागद त्यांनी ठेवून घेतले नाहीत. झेरॉक्स काढल्या, मूळ कागद जावेच्या पिशवीत परत घातले आणि पिशवीचा बंद ओढून दिला. वकीलपत्रावर सही घेतली तेव्हा कोणत्या कामासाठी, कोणाविरुद्ध, हे रकाने भरून मगच घेतली. एकही कोरी सही नाही.

पुढचं काम त्यांनी ज्या क्रमाने केलं तो मला शहाणपणाचा वाटला. पोट चालवणारी गाडी आधी. फायनान्स कंपनीला पत्र लिहून हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. मग सोनं, कारण लिलाव झाला की परत येत नाही. बिनतारणी कर्जं शेवटी. कार्डाची थकबाकी व्याज-दंडासह १,८४,००० झाली होती, ती ९६,००० वर तीन हप्त्यांत मिटली. इथे बाईंची एक सक्ती होती: तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांक, रक्कम, तारखा आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही. पत्र आलं तरी शाखेत जाऊन ते खरं आहे का विचारायचं. आणि पैसे फक्त त्या कर्जखात्यात. वसुलीवाल्याच्या मोबाईलवर नाही, वकिलाच्या खात्यात तर नाहीच. वसुलीचा एक माणूस तेव्हा भावजीला म्हणत होता, "मला ६०,००० पाठवा, मी आतून मिटवतो." त्याला बाईंच्या सांगण्यावरून लेखी मागितलं, आणि तो फोन पुन्हा आला नाही.

बँकेतला एक अधिकारी आधी म्हणाला होता की असं काही सेटलमेंट आमच्याकडे नसतं. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे तडजोडीबद्दल प्रत्येक बँकेचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं. बाईंनी पत्रात त्याचा हवाला दिला आणि भाषा बदलली. अर्थात तडजोड मान्य करणं न करणं बँकेच्या हातात, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आणि दुसरंही एक: अशी तडजोड झाली की क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो, पूर्ण फेडलेल्यासारखा 'क्लोज्ड' येत नाही, आणि त्या बँकेकडून निदान वर्षभर नवीन कर्ज मिळायचं नाही. ज्यांनी फोनवर निम्मं कर्ज माफ करायचं वचन दिलं त्यांच्यातल्या एकानेही हे सांगितलं नव्हतं.

वसुलीच्या फोनांचं काय? ते थांबवायला वकिलाची जादू लागत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. माझ्या जावेला रात्री साडेनऊला फोन यायचे. बाईंनी तिला वेळ आणि नंबर वहीत लिहायला सांगितलं, त्यावरून बँकेकडे तक्रार गेली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. १४४४८ वर माहिती मिळते. आमच्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही, रात्रीचे फोन बँकेकडच्या तक्रारीनेच बंद झाले.

आता उणं काय ते. बाई फोन उचलत नाहीत. कोर्टाच्या वेळेत तर नाहीच, संध्याकाळीही अनेकदा नाही. ज्या माणसाला झोप लागत नाही त्याला उत्तरासाठी चार-चार दिवस थांबणं फार जड जातं, हे मी भावजीकडे पाहून सांगते. त्यांच्या ऑफिसात एखादा मदतनीस असता तर बरं झालं असतं. ॲपवाल्या कर्जाचं काम अजून लटकलेलंच आहे, कारण त्या ॲपमागची फायनान्स कंपनी कोणती हेच उशिरा कळलं, आणि हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात खणून काढायला हवं होतं असं माझं मत आहे. वयस्क माणसांना तो जिना चढवत नाही, खाली उतरून भेटायची त्यांची तयारी असते, पण ते आधी विचारावं लागतं.

ज्यांना एवढीही फी परवडत नाही त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांनाही मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर. हे आम्हाला खुद्द बाईंनीच सांगितलं, जावेच्या सोन्याच्या कामासाठी. ग्राहक हातचा घालवून असा रस्ता दाखवणारे वकील किती असतील? कोर्टात दावा जाण्याआधीच बँकेचं प्रकरण लोकअदालतीत नेता येतं, तिथे कोर्ट फी लागत नाही आणि झालेला निवाडा अंतिम असतो. म्हणूनच तिथे सही करताना आकडा आपल्याला झेपणारा आहे ना, हे घरी हिशेब मांडून जावं.

आणि पैसे गेलेच असतील तर? कंपनीने फसवलं असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक आयोगातही जाता येतं. वकिलानेच फसवलं असेल तर मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं ठरवलं. त्याची तक्रार बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. अशा वेळी हातात पावती असली तरच काही बोलता येतं, म्हणून रोख मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. सनद नसताना वकिली करणाऱ्याला त्याच कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, तेव्हा क्रमांक विचारताना संकोच नको.

बाईंकडे कोणी जावं आणि कोणी जाऊ नये तेही सांगते. थकलेली घरगुती आणि धंद्याची कर्जं, चेक बाऊन्स, गाडी-सोन्याची जप्ती, पतसंस्थेचे दावे, यासाठी जरूर जा. पण तुम्ही एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिला असाल आणि बँकेची नोटीस आली असेल, तर तुमचा रस्ता वेगळा. तिथे ती २०१६ ची संहिता खरोखरच लागू आहे. गोव्यातली कंपनी असली तरी काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतं, आणि वकिलाबरोबर नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलही, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया हाताळणारा माणूसही, लागतो. त्यांची यादी नोंदणी क्रमांकासह आयबीबीआय, म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, यांच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. बाई ते काम घेत नाहीत आणि तसं दारातच सांगतात. जाताना मंजुरीपत्रं, सगळ्या बँकांची वर्षभराची स्टेटमेंटं, आलेल्या नोटिसा पाकिटांसकट, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि एक-चौदाचा उतारा घेऊन जा, आणि नवरा-बायको दोघंही जा.